तुटक रेघेवरचा बाक

शाईबाईंच्या स्मरणशक्तीबद्दल घरात दोन मतं नव्हती, कारण दुसरं मत मांडायची कुणाची टाप नव्हती. कुणाच्या लग्नात कुणी कुठल्या रंगाचा सदरा घातला होता, मुलीचा पहिला दात कुठल्या वारी पडला, नवऱ्याने कुठली छत्री कुठल्या बसमध्ये विसरली, सगळं त्यांना पाठ. "मला विचारा," असं म्हणायच्या आणि कुणी विचारायच्या आत सांगून मोकळ्या व्हायच्या.

शाईबाई हे नाव पडलं ते नोकरीमुळे. फिरायला जाणाऱ्यांसाठी नकाशे छापणारी एक कचेरी होती, तिथे त्या ट्रेसर होत्या. मोजणीदार मंडळी उन्हापावसात हिंडून मोजमापं आणायची आणि शाईबाई ती पारदर्शक कापडावर बारीक टाकाने उतरवायच्या. रस्ता काळ्या शाईने, पाणी निळ्या, झाडं हिरव्या. पायवाट असली की तुटक रेघ. बत्तीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कधी स्वच्छ दिसली नाहीत. त्यातल्याच एका मोजणीदाराशी त्यांनी लग्न केलं. लग्नानंतर दोघांनी पहिल्या वर्षी दोन सायकली घेतल्या, आणि त्या सायकली अजून घरात होत्या. मोजणीदारांची उंच, काळी, घंटी नसलेली. शाईबाईंची बुटकी, मागच्या चाकाला साडी अडकू नये म्हणून जाळी लावलेली. दोघांचं सगळं आयुष्य त्या सायकलींवरून गेलं होतं म्हटलं तरी चालेल. मुलगी तर बोलायला शिकली तीच पुढच्या दांडीवर बसून.

आणि आता तीच मुलगी सायकलींच्या मुळावर उठली होती.

झालं होतं असं, की गेल्या आठवड्यात पावसात मोजणीदार घराच्या फाटकातच घसरले. सायकलीवरून नाही, नुसते चालताना. पण हातात सायकल होती. मुलगी फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांचे मोडलेले गुडघे बघणारी. तिने येऊन बाबांचा गुडघा दाबला, वाकवला, सरळ केला आणि निकाल दिला.

"सायकली भंगारात."

"मी चालत होतो," मोजणीदार म्हणाले.

"चालताना ही अवस्था, तर चालवताना काय?"

"अगं, एकाहत्तराव्या वर्षी माणसाने..."

"एकाहत्तराव्या वर्षी माणसाने घरात बसावं. मी उद्या भंगारवाल्याला पाठवते."

 शाईबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. "तुला आठवतं का, तुझी शाळा सुटली आणि धो धो पाऊस लागला होता, तेव्हा तुला घरी कुणी आणलं? याच सायकलीने. तू मागे बसून झोपलीस. तुझा डावा बूट वाटेत पडला."

"आई, तो बूट मी गेली तीस वर्षं ऐकतेय."

बराच वेळ वादावादी झाली. शेवटी मुलगी एका अटीवर आली. कोरड्या दिवशी कुणीही सायकल चालवेल. रविवारी, पडत्या पावसात, दोघांनी एक फेरी मारून यायचं. कुठेही पडायचं नाही, चिखलात लोळायचं नाही, रस्ता चुकायचा नाही, पाचच्या आत घरी. "आणि वाट आरामाची निवडा. तुम्हाला डोंगर चढून दाखवा असं मी म्हणत नाहीये. आरामात जा, आरामात या. जमलं तर सायकली राहतील. नाही जमलं तर सोमवारी सकाळी भंगारवाला फाटकात."

जाता जाता तिने आईच्या फोनमध्ये काहीतरी दाबून ठेवलं. "यातून तुम्ही कुठे आहात ते मला घरबसल्या ठिपक्यासारखं दिसेल. तेव्हा कोपऱ्यावर चहा पिऊन परत येऊ नका."

मोजणीदारांच्या मनात नेमकं तेच आलं होतं. त्यांचा चेहरा पडला.

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जुने नकाशे पसरले गेले. बाहेर पावसाची नुसती संततधार. मोजणीदारांनी चष्मा पुसला, पट्टी घेतली आणि रणभूमीवर उतरल्यासारखे ते नकाशावर वाकले.

"हा पुलावरून जाणारा मोठा रस्ता. सपाट आहे."

"ट्रक जातात. एका ट्रकने पाणी उडवलं की आपण दोघं चिखलाचे पुतळे."

"मग हा टेकडीमागचा."

"चढ आहे. तुम्ही तिथे पंचवीस वर्षांपूर्वी सायकल ढकलत नेली होतीत आणि वर पोचल्यावर म्हणालात, आता परत इथे कधी यायचं नाही."

"असं म्हणालो?"

"दोनदा."

मोजणीदारांनी पट्टी खाली ठेवली. तोवर शाईबाईंचं बोट नकाशावर एका जागी जाऊन थांबलं होतं. पुलाच्या पलीकडे, कालव्याच्या काठाने, एक तुटक रेघ जात होती. मध्ये एक हलकं वळण, दोन्ही बाजूंनी झाडांचे हिरवे ठिपके, आणि वळणावर बाकाची बारीक खूण.

"ही," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "अहो, ही आपली वाट."

"आपली?"

"विसरलात? लग्नाआधी. असाच पाऊस होता. झाडं इतकी दाट की खाली थेंब येत नव्हता. तुम्ही खिशातून रुमाल काढलात, बाक पुसलात आणि म्हणालात, बसा. कामाशिवाय तुम्ही माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द."

मोजणीदारांनी नकाशाकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. बायकोच्या डोळ्यांत बाक दिसत होता.

"हो हो," ते म्हणाले. "रुमाल. आठवतंय ना."

"कुठल्या रंगाचा होता?"

"...पांढरा?"

"निळ्या काठाचा," शाईबाई समाधानाने म्हणाल्या. "असो. सपाट वाट, सावली, मध्ये बसायला बाक. याहून आरामाची वाट कुठली मिळणार?"

तरी मोजणीदारांनी खातरजमा म्हणून फोन उघडून बघितला. फोनच्या नकाशातही तीच तुटक रेघ, तेच वळण, तोच बाक. त्यांनी मान डोलावली. कागद सांगतो, फोन सांगतो, बायको सांगते. तिघांच्या विरुद्ध बोलायचं त्यांना काही कारण दिसेना.

रविवारी तीन वाजता दोघं निघाले. अंगात रेनकोट, डोक्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या, त्यावर टोप्या. शाईबाईंचा फोन पारदर्शक पिशवीत बांधून हँडलला लटकवलेला. फाटकातून जाताना मोजणीदारांनी असा काही पवित्रा घेतला होता, की समोरच्या घरातला शिंपी मशीन थांबवून खिडकीत आला.

"कुठे निघालात पावसाचे?"

"आरामाला," मोजणीदार म्हणाले.

पुलापर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं झालं. पाऊस बारीक होता, रस्ता रिकामा होता, चाकांखालून पाणी सुर्र करत बाजूला होत होतं. शाईबाई तर गुणगुणायला लागल्या. पूल ओलांडला आणि पिशवीतून आवाज आला, "उजवीकडे वळा."

उजवीकडे तारेचं कुंपण होतं.

"काळाप्रमाणे कुंपणं होतात," शाईबाई म्हणाल्या. "तिथे फट आहे बघा. लोक जात असणार."

फटीजवळ एक फळी उलटी पडली होती. मोजणीदारांना ती पायरीसारखी वाटली म्हणून त्यांनी तिच्यावर पाय देऊन सायकल पलीकडे काढली. फटीतून आत गेलं की गुडघाभर गवत.

"गवत माजलंय. कचेरी आता लक्ष देत नाही."

"झाडं कुठायत?"

"तोडली असतील. लोकांना झाडं बघवतात कुठे."

"सरळ जा," पिशवी म्हणाली.

सरळ गेल्यावर गवत संपलं आणि पायाखाली काहीतरी मऊ मऊ लागायला लागलं. मोजणीदारांच्या सायकलीचं पुढचं चाक हळूच, अगदी अदबीने, जमिनीत गेलं. मग मागचं गेलं. मोजणीदार पडले नाहीत, कारण पडायला जागाच नव्हती. ते सायकलीवर बसल्या बसल्या, ताठ मानेने, इंच इंच खाली जात होते.

"अहो, पाय टेका."

"टेकलाय. कशावर टेकलाय ते कळत नाहीये."

शाईबाई त्यांना ओढायला उतरल्या आणि त्यांचा बूट चिखलात राहिला. डावा. तेवढ्यात फोन वाजला. त्यांनी कोपराने बटण दाबलं.

"आई, किती छान चाललायत तुम्ही," मुलगी म्हणाली. "ठिपका अगदी त्या वाटेवरून चाललाय. जराही इकडे तिकडे नाही."

"हो ना," शाईबाई एका पायावर उभ्या राहून म्हणाल्या.

"पण गेली दहा मिनिटं एकाच जागी दिसताय. काय झालं?"

शाईबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ते आता सीटपर्यंत चिखलात होते.

"बसलोय," त्या म्हणाल्या. "बाबा तर अगदी मजेत बसलेत."

फोन ठेवला आणि मागून आवाज आला. एक आवाज नाही, सातआठशे आवाज. धुक्यातून बदकांची एक आख्खी फौज क्वॅक क्वॅक करत त्यांच्याकडे निघाली होती, आणि फौजेच्या मागे गुडघ्यापर्यंत बूट घातलेला एक माणूस, हातात लांब काठी.

"आले," तो माणूस म्हणाला. शिवी दिल्यासारखा नाही, तर रोजचं दूध आलं म्हणावं तसा. "या. बाक शोधताय ना?"

"तुम्हाला कसं कळलं?" शाईबाई हरखल्या. "कुठाय तो?"

"बाक नाही, आजी. वाट नाही. झाडं नाहीत. हे माझं बदकांचं तळं आहे, आणि माझ्या आधी माझ्या वडिलांचं होतं. फटीशी मी पाटी लावलीय, 'इथे वाट नाही.' ती वाचली नाहीत?"

मोजणीदारांना आपण कशावर पाय दिला होता ते आठवलं. 

बदकवाल्याने काठी रोवली आणि मनातलं ओकायला सुरुवात केली. कुणी ऐकणारं भेटलं की सुरू होणारं ते जुनं दुखणं होतं. "वडील होते तेव्हा कागदाचे नकाशे घेऊन यायचे. आता फोन घेऊन येतात. गेल्या वर्षी एक नवीन लग्न झालेलं जोडपं आलं, दोघं कमरेपर्यंत गेली, इथेच भांडली, वेगवेगळ्या दिशांनी गेली. शाळेची सहल आली, चाळीस पोरं. एक साहेब तर माझ्यावरच ओरडले, म्हणे तुम्ही सार्वजनिक बाक गिळंकृत केलात. बदकं बिथरतात, अंडी देत नाहीत. हा रस्ता ज्या गाढवाने नकाशात काढला ना, तो मला एकदा भेटू दे. त्याला या चिखलात उभा करून विचारणार आहे, की बाबा रे, दाखव आता बाक."

हे ऐकून मोजणीदार ताठ झाले. आधीच ताठ होते, त्यात आणखी. नोकरीत चौतीस वर्षं त्यांच्या मोजमापात वीतभर चूक निघाली नव्हती.

"अहो, मी स्वतः हा भाग मोजलाय," ते म्हणाले. "इथे मी मोजणीची साखळी ओढलीय. तेव्हासुद्धा..." आणि ते थांबले. त्यांच्या कपाळावर आठी आली, मग ती उकलली. "तेव्हासुद्धा इथे दलदलच होती. माझे दोन खुंट इथे बुडाले. वहीत लिहिलं होतं मी, 'जाण्यास वाट नाही.' खाली दोन रेघा ओढल्या होत्या."

"काय?" शाईबाई म्हणाल्या.

"इथे वाट नव्हती. कधीच नव्हती."

"मग काल 'आठवतंय' कसं म्हणालात?"

मोजणीदार चिखलात होते, आसपास बदकं होती, आणि पळून जायची काही सोय नव्हती. त्यामुळे ते खरं बोलले. "तू चाळीस वर्षं सांगतेयस. पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा वाटलं, मी विसरलो असेन. तुझ्याइतकं मला कुठे लक्षात राहतं. दुसऱ्यांदा सांगितलंस तेव्हा रुमाल आठवायला लागला. आता तर बाकावर चढलेला मुंगळासुद्धा आठवतो."

 शाईबाईंच्या तोंडासमोरून एक एक करून पावसाचे थेंब पडत होते, आणि त्यांच्या आत कुठेतरी कुलूप उघडल्यासारखं झालं होतं. निळी फाईल. मोठे साहेब. पिंजऱ्यासारखा तो लहान काचेचा खोका, ज्यात साहेब बसायचे.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

"काय झालं?"

"ती वाट मी काढली."

बदकवाल्याने काठी उचलली.

"ऐका आधी," शाईबाई म्हणाल्या. "आमचे नकाशे बाहेरचे छापखाने चोरून छापायचे. मोठ्या साहेबांनी मला एकटीला बोलावलं आणि सांगितलं, प्रत्येक नकाशात एक खोटी गोष्ट घाला, लहानशी, कुणाला कळणार नाही अशी. दुसऱ्याच्या नकाशात ती दिसली की चोर सापडला. मोजणीदारांनासुद्धा सांगायचं नाही. मग मी दलदल बघून तिथे एक वाट काढली. म्हटलं, दलदलीत कोण जातंय मरायला."

"सगळं गाव येतं, आजी," बदकवाला म्हणाला.

"म्हणजे फोनवाल्यांनी आपली चोरली," मोजणीदारांच्या आवाजात अभिमान आला. "साहेब असते तर खूश झाले असते."

"पण मग तो बाक?" बदकवाल्याला बाकाचा फार राग होता. "वाट काढलीत ती काढलीत. बाक कशाला काढलात?"

शाईबाई लाजल्या. सदुसष्टाव्या वर्षी, एका पायात बूट नसताना, शेकडो बदकांसमोर लाजल्या. "हे तेव्हा दर शनिवारी माझ्या टेबलाशी यायचे, वही ठेवायचे, 'हे घ्या' म्हणायचे आणि जायचे. सहा महिने, फक्त 'हे घ्या.' मग ती वाट काढताना मनात आलं, की अशा एखाद्या वाटेने हे आणि मी गेलो तर? म्हणून सावली केली. वळण दिलं. मग पाऊस आला तर बसायचं कुठे, म्हणून बाक ठेवला. जेवणाच्या सुट्टीत रोज तो नकाशा बघत बसायची. रोज बघता बघता..." त्यांनी रेनकोटच्या बाहीने चेहरा पुसला. "निळ्या काठाचा रुमाल तेव्हाच घातला असणार त्यात."

 एक बदक मोजणीदारांच्या कॅरियरवर चढून बसलं.

"मग आपण पहिल्यांदा खरं कुठे बोललो गं?" मोजणीदारांनी विचारलं.

शाईबाईंनी डोळे मिटले. हे मात्र त्यांना खरंच आठवत होतं, पण ते इतकं साधं होतं की कधी कुणाला सांगितलं नव्हतं. "कचेरीच्या जिन्यात. तुम्ही म्हणालात, जिना ओला आहे, जपून उतरा."

"बघ," मोजणीदार म्हणाले. "काळजी तेव्हापासून आहे."

बदकवाला मनाने वाईट नव्हता. त्याने दोरी आणून आधी सायकल ओढली, मग मोजणीदार, मग शाईबाईंचा बूट. तिघंही सारख्याच रंगाचे होते. "ही दशा घेऊन घरी कसं जाणार?" त्याने विचारलं, तेव्हा शाईबाईंनी त्याला भंगारवाल्याची सगळी हकीकत सांगितली. त्याने क्षणभर विचार केला.

"कचेरीला आणि फोनवाल्यांना पत्र लिहाल? ही रेघ पुसून टाका म्हणून?"

"आजच लिहिते. रेघ काढणारीच लिहितेय म्हटल्यावर ऐकतील."

"मग इकडे उभे राहा."

बदकांचं खुराडं धुवायचा जाड पाइप त्याने त्यांच्यावर सोडला. समोरून, मागून, मग सायकलींच्या चाकांवरून, घंटी नव्हती तिथेसुद्धा. पाच मिनिटांत दोघं इतके स्वच्छ झाले की लग्नाच्या दिवशीसुद्धा झाले नसतील. मग त्याने दोन तळ्यांमधल्या पक्क्या बांधावरून त्यांना कालव्याच्या टोकापर्यंत चालत नेलं आणि निघताना शाईबाईंच्या बास्केटमध्ये सहा अंडी ठेवली.

पाचला दहा कमी असताना सायकली फाटकात शिरल्या. मुलगी छत्री घेऊन उभीच होती. तिने आधी बाबांचा गुडघा बघितला, मग रेनकोट, मग चाकं. चाकांच्या तारा चकाकत होत्या.

"एक डाग नाही," ती म्हणाली. तिला विश्वास ठेवायचा नव्हता, पण डाग सापडत नव्हता. "इतक्या पावसात?"

"वाट चांगली होती," मोजणीदार म्हणाले.

"ही अंडी?"

"वाटेत बदकं होती," शाईबाई म्हणाल्या. त्यात खोटं काहीच नव्हतं.

मुलीने फोन काढून दाखवला. नकाशावर त्यांच्या फेरीची निळी रेघ उमटली होती. तुटक रेघेला चिकटून, हलकं वळण घेऊन, बाकापाशी पाऊण तास थांबून. फोन स्वतःच्या नकाशाबाहेर कुणाला पडू देत नसावा. मुलगी रेघेकडे बघत राहिली आणि तिचा चेहरा लहानपणीसारखा झाला.

"मला वाटलं होतं तुम्ही कुठेतरी धडपडणार. आणि तुम्ही बाकावर पाऊण तास बसलात. दोघंच. पावसात." तिने डोळे टिपले. "सायकली राहू देत, आई. माझं चुकलं."

मोजणीदारांनी सायकलीच्या सीटवर थोपटलं. शाईबाईंनी देवाचे, साहेबांचे आणि बदकवाल्याचे मनातल्या मनात आभार मानले. सगळं तिथेच संपलं असतं तर किती बरं झालं असतं.

"पुढच्या रविवारी मीही येते," मुलगी म्हणाली. "सासूबाईंनाही आणते. त्यांच्या कंबरेसाठी मी त्यांना रोज सांगतेय, जरा सपाट वाटेवर चाला. त्या म्हणतात, मध्ये बसायला बाक असेल तरच येईन."

ती गेल्यावर दोघं बराच वेळ ओल्या कपड्यांत स्वयंपाकघरात उभे होते. चहाचं पाणी उकळून आटायला आलं.

"बाक करून नेऊ या का?" मोजणीदार म्हणाले. "फळ्या आहेत माळ्यावर."

"आणि चिखलात मांडणार? तिच्या सासूबाई बाकासकट जातील खाली."

मोजणीदार विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. ते टेबलाशी गेले, नकाशांच्या गठ्ठ्यातून दुसरा नकाशा काढला आणि पट्टीने एका जागी टकटक केलं.

"सोपं आहे. ती वाट पावसाने बंद झाली म्हणू आणि त्यांना इकडे नेऊ. टेकडीच्या पायथ्याचा झरा. इथे तर आपण नक्की गेलो होतो. ओंजळीने पाणी प्यायलो होतो, किती गोड होतं. मला अगदी स्पष्ट आठवतंय, तू सांगायच्या आधीपासून आठवतंय."

शाईबाई जवळ आल्या. त्यांनी त्या झऱ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग त्या मागे वळल्या आणि चहात साखर घालायला लागल्या.

साहेबांच्या सांगण्यावरून तो झरा काढताना निळी शाई संपत आली होती, दौतीत थोडं पाणी घालावं लागलं होतं, हे त्यांना फार चांगलं आठवत होतं.